शिवाजी पार्कच्या गच्चीवरचा सागवानी डेक : कामाच्या नोंदी

२ डिसेंबर

पाहणी झाली. जुनी इमारत, समुद्राच्या बाजूची, पाचव्या मजल्यावर फ्लॅटला लागून गच्ची. सागवानी डेक अंदाजे ४२० चौरस फूट. पश्चिमेला वारा अडवायला पाच फूट उंचीचं पाइनच्या पट्ट्यांचं कुंपण. घरमालकीण काकूंनी फोनवर विचारलं होतं, “लाकूड कुजलंय गं, काढून टाइल्स टाकू का?”

सागवान कुजलेलं नाही. पेचकसाने फळ्या टोचत गेले, कुठेही टोक आत शिरलं नाही. वर दिसतो तो करडा, मेलेला थर. लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारं लिग्निन उन्हातल्या अतिनील किरणांनी मोडतं, पावसाने वाहून जातं आणि मागे नुसता सेल्युलोजचा करडा भुसा उरतो. त्यावर बुरशी बसते, तिचे काळे ठिपके. ही सगळी भानगड वरच्या कातडीपुरती आहे, खाली शाबूत सागवान आहे. टाइल्सचा विषय तिथेच संपवला.

खरा त्रास आधीच्या फिनिशचा. कोणीतरी यावर काचेसारखं चकचकीत कोटिंग चढवलंय. कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा ठेवला, काही झालं नाही, म्हणजे चंद्रस पॉलिश नव्हे. थिनरनेही मऊ पडलं नाही, म्हणजे लॅकरही नव्हे. पॉलीयुरेथेन आहे. घरातल्या टेबलाला उत्तम. मुंबईच्या उघड्या गच्चीवर ते लाकडाचा गळा दाबतं. लाकूड पावसात फुगतं, मार्चमध्ये आक्रसतं, आणि वरची कडक पापडी त्याच्याबरोबर हलू शकत नाही. तिला केसासारखी भेग पडते. भेगेतून पाणी आत जातं, पण बाहेर पडायला वाट उरत नाही.

लाकडातली ओल मोजणाऱ्या मॉइश्चर मीटरने हे आज आकड्यांत दिसलं. पापडी उडालेल्या उघड्या जागी १२ टक्के. कुंड्यांजवळ, जिथे पापडी अजून शाबूत आहे आणि रोज झाडांचं पाणी सांडतं, तिथे २१. एकाच फळीवर, हातभर अंतरात. काकांना मीटर हातात दिला आणि त्यांच्याकडूनच वाचून घेतलं.

स्क्रू साध्या लोखंडाचे. प्रत्येकाभोवती काळं वर्तुळ आणि खाली ओघळ. सागातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, आणि गंज यांची शाई आहे ती. धुऊन जाणार नाही, त्याला ॲसिड लागेल.

कुंपणाचे दोन खांब बुडाशी मऊ. ते थेट कोब्यावर टेकलेत.

४ डिसेंबर

नमुने केले, पाण्याच्या टाकीमागे, नजरेआड. घाईत हा टप्पा गाळणारे बरेच आहेत. मी गाळत नाही, कारण काय चालेल हे लाकूडच सांगतं, डब्यावरचा कागद सांगत नाही.

डेकच्या एका फळीवर कॉस्टिकचा स्ट्रिपर, म्हणजे जुना थर सोडवणारं रसायन, लावला. पॉलीयुरेथेनला त्याने ढिम्म फरक पडला नाही, आणि उघड्या सागावर मात्र चहासारखा काळपट डाग पडला. खाराने, म्हणजे अल्कलीने, साग काळवंडतो, त्यातलं टॅनिन उसळतं. दुसऱ्या फळीवर कार्बाइडच्या पात्याची खरवडणी चालवली: पापडीच्या लांब पट्ट्या निघाल्या, खाली मधाळ लाकूड. तिसरीवर थेट ६० नंबरचा सँडपेपर लावून मशीन फिरवलं. कोटिंग तापून वितळलं आणि पाच मिनिटांत पेपर बुजला. म्हणजे आधी खरवडणी, मग घासकाम.

कुंपणाचं उलट. त्यावर साधा तेलकट तपकिरी स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, आहे, कॉस्टिकखाली पंधरा मिनिटांत मऊ होऊन निघाला.

काकूंना तीनही फळ्या दाखवल्या. दुसऱ्या, खरवडलेल्या नमुन्यावर त्यांनी हात फिरवला. म्हणाल्या, “हे इतकं छान आहे आत? मग याच्यावर परत तसंच चकाकतं काहीतरी लाव ना.” इथे माझं आणि ग्राहकांचं नेहमी अडतं. चकाकी हवी असते, कारण नवं म्हणजे चकचकीत असं आपण धरून बसलोय. मी सांगितलं, काकू, मी आत मुरणारं तेल लावीन. चमक येणार नाही, पापडीही येणार नाही. पावसाळ्यानंतर फिकट झालं तर वरून धुऊन पुन्हा एक हात द्यायचा, खरवडायची वेळ कधी येणार नाही. चकाकीवाला कोट दोन पावसाळ्यांनी पुन्हा असाच सोलेल, आणि तेव्हा सगळं भाडं, सगळी मजुरी पुन्हा.

काका म्हणाले, “तेल लाव.” काकू विचार करते म्हणाल्या.

५ डिसेंबर

काकूंचा निरोप: तेलच.

सामान आजच वर चढवून घेतलं, कारण उद्या या भागात टेम्पो येणार नाही. सोडियम परकार्बोनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिड प्रिन्सेस स्ट्रीटवरून, ३१६ ग्रेडचे स्टेनलेस स्क्रू, नायलॉनचे ब्रश आणि पाती नागदेवीतून. स्क्रूचं बिल पाहून काकांनी भुवया उंचावल्या. समुद्र इतका जवळ असताना ३०४ ग्रेडवरही खाऱ्या हवेने तपकिरी ठिपके येतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते क्लोराइडला तोंड देतं.

६ डिसेंबर

महापरिनिर्वाण दिन. काम बंद. चैत्यभूमीकडे जाणारी रांग गच्चीवरून दिसत होती, कुठे सुरू आणि कुठे संपते ते कळत नव्हतं. आमच्यातली दोन मुलं अभिवादनाला पहाटेच गेली होती, दुपारी पार्कातल्या स्टॉलवरून पुस्तकांच्या पिशव्या घेऊन भेटली. आजच्या दिवशी इथे मशीनचा आवाज करणं मला पटलंच नसतं.

८ डिसेंबर

काम सुरू. आधी झाकाझाकी. तुळस आणि मोगऱ्याच्या कुंड्या जिन्यात नेल्या, जास्वंदीचं पिंप हलत नाही म्हणून तिला भरपूर पाणी पाजून, पानं ओली करून वर प्लास्टिक. खालच्या मजल्यांवर सांगून आले की आठवडाभर कपडे बाहेर वाळत घालू नका.

मग फळ्या उचलल्या. सुतारमामांनी प्रत्येक फळीच्या बुडाला खडूने नंबर घातला, जिथली फळी तिथेच परत बसली पाहिजे. लोखंडी स्क्रू अर्धे फिरले, अर्धे मान मोडून आत राहिले. ते बाहेर काढण्यातच दिवस गेला.

डेकखाली काय सापडलं ते लिहून ठेवते, कारण बहुतेक डेक वरून खराब होत नाहीत, खालून होतात. कबुतरांच्या विष्ठेचा थर, कुजकी पानं, पिसं, काड्या, आणि या सगळ्याचा चिखल बॅटनच्या, म्हणजे फळ्यांखालच्या आधारपट्ट्यांच्या, मधोमध. पाणी वाहून नेणारी जाळी पूर्ण बुजलेली. म्हणजे पावसाळाभर फळ्यांच्या पोटाखाली पाणी साचून होतं. वरून पापडी, खालून ओल. खालची बाजू फुगली, वरची तेवढी फुगू शकली नाही, म्हणून फळ्यांच्या कडा उचलल्या गेल्यात. लोकांना वाटतं, साग वाकडा निघाला. सागाचा यात काही दोष नाही.

कबुतरांची घाण कोरडी झाडायची नाही, धुळीतून फुप्फुसात जाते. फवाऱ्याने भिजवून, मास्क लावून, पत्र्याने उचलून पिशव्या भरल्या. कोबा तपासला, वॉटरप्रूफिंग शाबूत आहे. बॅटनही ठीक, ते कोब्यात ठोकलेले नाहीत, पॅडवर ठेवलेत. ज्याने हा डेक बसवला त्याला काम येत होतं. नंतर ज्याने रंगवला त्याला येत नव्हतं.

१० डिसेंबर

खरवडणी. फळ्या घोडीवर घेऊन एकेक. मामांचा हात बघत राहावा असा: पातं लाकडाच्या रेषेच्या दिशेने, दोन्ही हातांचा भार सारखा, एका ओढीत दीड फूट. मुलं आडवं ओढत होती, त्यांना थांबवून दाखवलं. आडव्या ओढीने तंतू उचकटतात आणि तो ओरखडा तेल लावल्यावर काळा उठतो.

मग मशीनने ६० नंबर, व्हॅक्यूम जोडूनच. लाकडाची भुकटी कर्करोगकारक म्हणून नोंदलेली आहे, सागाची तर त्वचेलाही चावते. मास्कशिवाय कोणी मशीनला हात लावायचा नाही, ही माझी अट आहे आणि उन्हात घाम गळत असला तरी ती तशीच राहते.

पापडीचा कचरा गोणीत. वाऱ्यावर एक तुकडा जाऊ दिला नाही.

१२ डिसेंबर

कुंपण. कॉस्टिकचा जेल ब्रशने वरून खाली. गॉगल, कोपरापर्यंत हातमोजे, शेजारी स्वच्छ पाण्याची बादली तयार. सुकू द्यायचा नाही, सुकला की काम थांबतं आणि डाग पडतात, म्हणून मधूनमधून पाण्याचा हलका फवारा. पंधरा-वीस मिनिटांनी नायलॉन ब्रशने घासलं, तपकिरी गाळ सुटला.

गाळ टबमध्ये गोळा केला. गच्चीचं पाणी पावसाच्या नळातून खाली जातं आणि तिथून बिनप्रक्रियेचं समुद्रात. समुद्र इथून दिसतो. त्यात मी कॉस्टिक सोडणार नाही. टबमध्ये थोडं थोडं ऑक्झॅलिक घालून, पीएच कागद सातच्या आसपास आल्यावरच ते न्हाणीच्या मोरीत ओतलं. वेळ लागतो. लागू दे.

१५ डिसेंबर

फळ्या परत बॅटनवर ठेवल्या, अजून न आवळता, आणि धुलाई केली. परकार्बोनेट लिटरला साधारण ५० ग्रॅम, कोमट पाण्यात. विरघळलं की त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा तयार होतो, पेरॉक्साइड बुरशी मारतं, सोडा मळ सोडवतो, आणि काही तासांनी द्रावणातला जोर संपतो. म्हणून लागेल तेवढंच कालवायचं.

सोसायटीच्या एका काकांनी वर येऊन विचारलं, साधं ब्लीच का नाही वापरत, स्वस्त पडेल. ब्लीच बुरशीचा रंग घालवतं, मळ आणि करडे तंतू तसेच राहतात, आणि जास्त कडक झालं तर लिग्निनच खातं, म्हणजे जे उन्हाने केलं तेच आपण करायचं. शिवाय पुढच्या टप्प्याला ॲसिड आहे. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरिन वायू सुटतो. हे दोन डबे माझ्या साइटवर एकत्र येतच नाहीत.

दहा मिनिटं फेस, मग रेषेच्या दिशेने ब्रश. तारेचा ब्रश अजिबात नाही, त्याचे तुटके केस लाकडात राहून गंजतात आणि महिन्याने काळे ठिपके उठतात.

धुवायला प्रेशर मशीन, पण दाब उतरवून. मशीन १३० बारचं आहे. सागावर ६०च्या आसपास, पाइनवर ४०. नोझल ४० अंशांच्या पंख्याचं, अंतर हातभर, हात सतत चालता. पूर्ण दाबाने धुतलेला डेक तासभर फार सुंदर दिसतो. वाळल्यावर मऊ रेषा खणल्या गेलेल्या दिसतात, अनवाणी चालताना कुसं टोचतात. या डेकवर काकूंची नातवंडं खेळतात.

१६ डिसेंबर

ऑक्झॅलिक. लिटरला ३०–४० ग्रॅम, प्लास्टिकच्या बादलीत. दिवसभराच्या कामात माझा सर्वांत आवडता भाग हाच. धुलाईनंतर लाकडात खार असतो आणि ते काळपट दिसतं, ॲसिड लागलं की डोळ्यांदेखत उजळतं, आतला तांबूस सोनेरी रंग वर येतो. खार मरतो, आणि ऑक्झॅलिक लोखंडाला धरून विरघळवतं, म्हणून स्क्रूभोवतीची शाईही जाते. जुन्या ओघळांना दोनदा लावावं लागलं, तीन-चार ठिकाणी फिकट सावली राहिली. ती राहू दिली. अजून खरवडलं असतं तर फळीत खळगा पडला असता.

विषारी आहे हे, दिसायला साखरेसारखं. डबा कुलपात. काम झाल्यावर भरपूर पाण्याने धुतलं, नाहीतर वाळल्यावर पांढरी भुकटी फुटते.

काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, “अगं, आम्ही डेक घेतला तेव्हा असाच होता.”

१८ डिसेंबर

दुरुस्ती. कुंपणाच्या दोन खांबांचा मऊ भाग कापला, खाली स्टीलचा बूट बसवला, आता लाकूड कोब्यापासून दोन बोटं वर आहे. एक फळी टोकापासून चिरलेली होती. तिच्या जागी नवा साग टाकला असता तर पोत जुळला नसता, म्हणून मामांनी रे रोडच्या बाजूच्या जुन्या लाकडाच्या वखारीतून पाडलेल्या चाळीतला तुकडा आणला. बर्मा टीक, म्हणजे ब्रह्मदेशी साग, रेषा इतक्या दाट की मोजता येत नाहीत. खिळ्यांची जुनी भोकं आहेत, ती सागाच्याच खुंट्यांनी बुजवली. मामांनी रंधा मारला तेव्हा गच्चीभर चामड्यासारखा तो वास सुटला.

नव्या स्क्रूंनी सगळ्या फळ्या आवळल्या. मधे ५ मिलिमीटरची फट, पाणी आणि वारा दोन्ही जायला.

२२ डिसेंबर

वाळवण चालू. मीटर: सागावर १६, पाइनवर १९.

माझी मर्यादा १४. ओल त्याहून जास्त असताना तेल लावलं तर ते नीट मुरत नाही. ते वर चिकट होऊन बसतं. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत लाकूड १८–२०च्या खाली सहसा उतरत नाही, म्हणूनच जून ते सप्टेंबर मी बाहेरचं लाकूडकाम घेत नाही, कितीही पैसे दिले तरी. डिसेंबर-जानेवारीची कोरडी हवा हीच खिडकी.

काकूंना ३१ तारखेला मंडळी बोलवायची आहेत. “उद्या तेल लावून टाक ना, ऊन तर कडक आहे.” ऊन कडक आहे, पण ते वरची चिमूटभर जाडी वाळवतं, पोटातली ओल हळूहळूच बाहेर येते. मीटरच्या सुया खोल घुसवून दाखवल्या. काकू थोड्या नाराज झाल्या. मला ती नाराजी चालेल. सहा महिन्यांनी सोललेला डेक बघून झालेली नाराजी चालणार नाही.

२७ डिसेंबर

साग १४, पाइन १५. शेजारच्या प्लॉटवर पुनर्विकासाचं काम चालू आहे, सिमेंटची बारीक धूळ रोज. सिमेंट म्हणजे खार, ओल्या दवात मिसळलं की उजळलेल्या लाकडावर पुन्हा डाग. सुती चादरी पसरल्या. प्लास्टिक नाही, त्याखाली ओल कोंडते.

३१ डिसेंबर

साग १२, पाइन १३. पाण्याचा थेंब टाकला, काही क्षणांत पिऊन टाकला. लाकूड तयार आहे. मंडळी आज दिवाणखान्यात बसणार आहेत. तेल नव्या वर्षात.

२ जानेवारी

सकाळी ८० नंबरचा पेपर हातानेच, धुलाईने उठलेले तंतू बसवायला. त्याहून बारीक पेपर लावायचा नाही. १५० नंबरने लाकूड गुळगुळीत होतं, पण त्याची तोंडं बंद होतात आणि तेल वरच राहतं. व्हॅक्यूम, मग ओलसर फडक्याने पुसून घेतलं. फळ्यांची कापलेली टोकं सर्वांत जास्त पाणी पितात, त्यांना आजच तेलाचे दोन हात.

३ जानेवारी

तेल. पहाटे दव होतं, साडेनऊपर्यंत थांबलो. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, मीठ आणि धूळ घेऊन, म्हणून त्याआधी संपवायचं. पूर्व टोकापासून सुरुवात.

अर्धपारदर्शक स्टेन, म्हणजे रंगकण घातलेलं तेल, सागवानी छटा. बिनरंगाचं तेल घ्यायचं नाही हे आधीच ठरलं होतं. उन्हाला अडवतो तो रंगकण, नुसतं तेल अडवत नाही, आणि बिनरंगी तेलाखाली साग एका उन्हाळ्यात पुन्हा करडा होतो. डबा तळापासून ढवळला, नुसता सुरुवातीला तीन-चार मिनिटं नाही, तर नंतरही तासातासाने. रंगकण खाली बसले की पहिली फळी फिकट आणि शेवटची गडद.

एका वेळी दोनच फळ्या, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत. मधे थांबलं की जोडाची रेघ पडते आणि ती मग जात नाही. एक जण लावतो, दुसरा पंधरा मिनिटं मागे राहून जुन्या सुती धोतराच्या फडक्याने पुसत येतो. जे मुरलं ते लाकडाचं, वर राहिलं ते सगळं पुसायचं. सागात मुळातच तेल आहे, एका हातातच पोट भरतं. डेकला सात लिटरच्या आत लागलं. उद्या कुंपण, तो खरखरीत पाइन याच्यापेक्षा कितीतरी जास्त पिईल.

फडकी. हे प्रत्येक कामात सगळ्यांना उभं करून सांगते. अळशीच्या तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात फेकलं तर वाळताना तापतं आणि काडी न लावता पेट घेऊ शकतं. पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावलं. डबा आजच खाली.

५ जानेवारी

कुंपण संपलं. दोन हात, ओल्यावर ओला, म्हणजे पहिला वाळायच्या आत दुसरा. पाइनच्या गाठींवर छटा थोडी वेगळी बसली आहे, तो पाइनचा स्वभाव.

१० जानेवारी

काकूंचा प्रश्न: संक्रांतीचं हळदीकुंकू गच्चीवर करायचंय, हळद सांडली तर? मुरलेल्या तेलावर हळद लगेच पुसली तर निघते, राहिलेला पिवळेपणा उन्हाने उडतो. कुंकवाचा भरवसा नाही, त्यातला रंग ओल्या लाकडात जातो. बसायच्या जागी सतरंजी अंथरा, संध्याकाळी उचला. रबराच्या पाठीची चटई नको, ती डाग सोडते.

१५ जानेवारी

काल हळदीकुंकू झालं, आज ताबा दिला. मला तिळगूळ आणि वाणाची छोटी परडी मिळाली.

काकांना लिहून दिलं. रोज केरसुणी. फिनेल, ब्लीच, साबणचुरा नको. पंधरा दिवसांतून एकदा गोड्या पाण्याने मीठ धुवायचं. कुंड्या पायांच्या स्टँडवर, दर महिन्याला जागा बदलून. पाण्याच्या जाळीवरची फळी मी मुद्दाम चार स्क्रूंत सुटेल अशी ठेवली आहे, मे महिन्यात ती उघडून खालचा केर काढायचा, कबुतरांसाठी कडेला जाळी मारली आहे ती तपासायची. मेच्या शेवटी पाण्याचा थेंब टाकून बघायचा: थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर पावसाला डेक तयार आहे, पसरला तर मला फोन. दिवाळीनंतर मी स्वतः मीटर घेऊन येईन.

उरलेला दीड लिटर स्टेन झाकण घट्ट करून, उलटा ठेवून, माळ्यावर. डब्यावर छटा, तारीख आणि “वापरण्याआधी तळापासून ढवळा” असं लिहिलं आहे.